युनोने गांजा मोकळा केला म्हणे?

परवा फवारणी चालू असताना एकाचा फोन आला. "युनोने गांजा मोकळा केला म्हणे, तुरीत चार झाडं लावू का?" नको रे बाबा! पण हा समज आला कुठून, ते बघू.

ब्राझील आणि अर्जेंटिनाच्या बेचक्यात उरुग्वे आहे. गुराढोरांचा देश, लोकसंख्या जेमतेम पस्तीस लाख. गांजाची लागवड, विक्री आणि सेवन देशभर कायदेशीर करणारा हा पहिला देश, डिसेंबर २०१३ मध्ये. राष्ट्राध्यक्ष होते होसे मुहिका, स्वतः फुलशेती करणारा गडी. पॅराग्वेतून चोरून येणाऱ्या मालावर टोळ्या पोसल्या जात होत्या, त्यांचं गिऱ्हाईक तोडायचं हा हिशोब. नाव नोंदवा, घरी ६ झाडं लावा, नाहीतर औषधाच्या दुकानातून आठवड्याला १० ग्रॅम घ्या. परदेशी पाहुण्याला मात्र विक्री नाही.

१९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात गांजाला मुभा फक्त औषध आणि संशोधनापुरती. कराराच्या देखरेख मंडळाने लगेच 'करारभंग' म्हणून ठणकावलं. पुढे? काही नाही. खरा चटका दिला बँकांनी. २०१७ मध्ये दुकानांत विक्री सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत बँका खाती बंद करायला निघाल्या. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात हा पैसा बेकायदा, मग डॉलरचा व्यवहार अडकणार. गाय उरुग्वेची, दावं अमेरिकेच्या हातात! आणि गंमत म्हणजे कोलोरॅडोसारख्या अमेरिकेच्याच राज्यांत तेव्हा दुकानं उघडी होती.

पण करार मोडूनही देश बुडत नाही, हे सगळ्यांनी पाहिलं. २०१८ मध्ये कॅनडानेही तेच केलं.

पॅराग्वेच्या शेतकऱ्याचं काय? तो अजून चोरूनच पिकवतो, माल मुख्यतः ब्राझीलला जातो. उरुग्वेत दुकानांसाठी पिकवायचा परवाना सुरुवातीला मिळाला तो दोन कंपन्यांना. छोट्या शेतकऱ्याला या कायद्यात जागा कुणी ठेवली, मला तरी दिसली नाही.

आता त्या फोनचं. डिसेंबर २०२० मध्ये युनोच्या आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी गांजाला सगळ्यात कडक यादीतून काढलं. भारतानेही बाजूने मत दिलं. पण दुसऱ्या यादीत तो आहेच, औषधी उपयोग तेवढा मान्य झाला. आपला १९८५ चा एनडीपीएस कायदा तसाच आहे. विनापरवाना लागवडीला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड. झाडं चारच होती, म्हणून सुटका नाही.