पुरुषाच्या मापाचा आजार

1956 साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात बर्वेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 51 वर्षांच्या एका स्थूल अधिकाऱ्याची हकीकत छापली. पोकर खेळताना हातात तीन एक्के आणि दोन राजे आलेले असूनही हा गृहस्थ झोपी गेला आणि हातचा डाव गेला. डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मधल्या सदा पेंगणाऱ्या लठ्ठ जोवरून या अवस्थेला ‘पिकविकियन’ हे नाव मिळालं. झोपेत श्वास वारंवार अडतो, हे 1965 मध्ये मार्से आणि फ्रायबुर्गच्या प्रयोगशाळांनी नोंदवलं. ‘स्लीप ॲप्निया’ची मांडणी पुढे 1976 मध्ये स्टॅनफर्डमधून झाली. पण तोवर रुग्णाचं चित्र ठरून गेलं होतं: लठ्ठ, जोरात घोरणारा, दिवसा जिथे बसेल तिथे डुलक्या घेणारा पुरुष. स्त्रियांमधला हा आजार इतकी वर्षं निसटत राहिला, त्याला त्यांच्या शरीराच्या वेगळेपणाइतकंच हे चित्रही जबाबदार आहे, असं मला वाटतं.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की स्त्रियांमध्ये हा आजार मुळातच कमी. ते खरं आहे. पाळी जाईपर्यंत संप्रेरकांचं थोडंफार संरक्षण असतं, नंतर धोका वाढतो. प्रश्न आहे तो किती कमी, हा. झोपेच्या दवाखान्यांत एका स्त्रीमागे आठ-आठ पुरुष दिसत. 1993 मध्ये विस्कॉन्सिनमध्ये टेरी यंग यांनी दवाखान्याबाहेर जाऊन 30 ते 60 वयाच्या सरकारी नोकरदारांची झोप तपासली, तेव्हा झोपेत श्वास अडण्याचं प्रमाण पुरुषांत 24 टक्के, तर स्त्रियांत 9 टक्के निघालं. म्हणजे आठास एक नव्हे, तिनासही एक नव्हे. उरलेल्या बायका दवाखान्यापर्यंत पोचतच नव्हत्या, किंवा पोचल्या तरी दुसऱ्याच दाराने आत जात होत्या. सकाळी डोकं दुखणं, रात्री सतत जाग येणं, दिवसभर अंगात त्राण नसणं, उदास वाटणं अशा तक्रारी त्या सांगतात. त्यावर निद्रानाशाची किंवा नैराश्याची गोळी मिळते आणि घोरण्याचा प्रश्न कुणी विचारत नाही. या तक्रारी शंभर आजारांत असतात हे डॉक्टरांचं म्हणणं रास्तच आहे. पण म्हणूनच एखादा प्रश्न जास्त विचारायला हवा.

झोपेच्या तपासणीत यंत्र तासाला किती अडथळे आले ते मोजतं, त्या आकड्याचं काय? तो तरी स्त्री-पुरुष पाहत नाही, असं म्हणता येईल. पण स्त्रियांचा श्वास पुष्कळदा पूर्ण न थांबता मंदावतो, अडथळे लहान असतात आणि बरेचदा स्वप्नांच्या, म्हणजे आरईएम झोपेत एकवटतात. सहा तासांच्या झोपेत दीड तास अशी झोप धरा. त्यात तासाला 20 अडथळे आले आणि बाकी रात्र स्वच्छ गेली, तर एकूण 30. अहवालात सरासरी पडते ताशी 5, म्हणजे आजाराची जेमतेम पहिली पायरी. बाईचा दीड तास कसा गेला, ते त्या सरासरीत दिसत नाही.

आपल्याकडेही सुरुवात पुरुषांपासूनच झाली. मुंबईत नियमित आरोग्य तपासणीला आलेल्यांवरचा झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांचा 2004 चा गाजलेला अभ्यास 35 ते 65 वयाच्या पुरुषांचा होता; त्यात 7.5 टक्क्यांना लक्षणांसह हा आजार आढळला. त्याच शहरातल्या त्याच वयाच्या बायकांबद्दल त्या आकड्यातून काहीच कळत नाही.