विक्रीला नियम, विकणाऱ्याला कधी?

आज आपण विक्रीच्या नोकरीचा इतिहास बघू. धनजमध्ये बसलोय, तर सुरुवात तालुक्याच्या गावापासून, कारंजापासून करू. देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार कारंज्यात 1886 साली सुरू झाला. म्हणजे माल कसा विकायचा, याला नियम लागला. पण पगारावर माल खपवणाऱ्या माणसासाठी स्वतंत्र कायदा यायला 1976 साल उजाडलं. मध्ये नव्वद वर्षं गेली. एवढी का लागली?

1947 चा औद्योगिक विवाद कायदा घ्या. त्यात अंगमेहनत किंवा कारकुनी करणारा तो कामगार. 1956 मध्ये तांत्रिक आणि देखरेखीचं काम जोडलं. मग विक्री प्रतिनिधी कुठं बसतो? 'मे अँड बेकर' या औषध कंपनीच्या खटल्यात 1961 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की गिऱ्हाईक मिळवणं हेच त्याचं मुख्य काम, लिहिणं जोडीचं. म्हणून तो कामगार नाही. नोकरीवरून काढलं, की दाद मागायची कुठं?

औषध प्रतिनिधींच्या संघटना झगडल्या, तेव्हा 1976 चा कायदा आला. लेखी नेमणूकपत्र, रजा, विवाद कायद्याचं संरक्षण मिळालं. आधी तो औषध उद्योगापुरताच होता, त्यातही पगाराची मर्यादा. ती 1987 मध्ये उठली. 2011 मध्ये साबण, बिस्किटं, शीतपेयं, रंग असे आणखी उद्योग आले. बियाण्यांचं नाव मात्र त्या यादीत नव्हतं. आपल्याकडं कृषी केंद्रांत पेरणीच्या तोंडावर हिंडणारा प्रतिनिधी डोळ्यांसमोर आणा, म्हणजे यादीबाहेर राहणं काय होतं ते कळेल.

1994 मध्ये 'सँडोझ' खटल्यात घटनापीठानं पुन्हा तेच म्हटलं: नुसतं मन वळवणं हे 1947 च्या व्याख्येतलं काम नव्हे, संरक्षण आहे ते 1976 च्या कायद्यामुळं.

आता व्यवस्थापनाकडं वळू. गवंड्याची भिंत दिसते. मन वळवण्याचं काम दिसत नाही. जे दिसत नाही ते मोजायचं कसं? मग टार्गेट येतं. ते शहरातल्या ऑफिसात ठरतं, आणि इथला शेतकरी पाऊस बघून खरेदी करतो. पाऊस लांबला तर दोष कुणाचा? दौरा करणाऱ्याचा! 1976 च्या कायद्यानं रजा मोजल्या, दिवसाचे तास मोजले नाहीत. त्यातून व्यवस्थापकीय काम करणारा त्याच्या बाहेर होता. म्हणून हाताखाली एक माणूस नसलेल्यालाही 'मॅनेजर' म्हणायचा मोह व्हायचा. पाटी बदलली तरी पिशवी त्याच्याच खांद्यावर!

आम्ही तत्त्वज्ञानवाले शब्दांचा कीस पाडतो, असं लोक म्हणतात. पण बघा, 'कामगार' या एका शब्दाच्या अर्थापायी किती घरं दारात ताटकळली. बोलून विकणं हेही श्रमच आहेत, एवढं आधी मान्य करू. तास आणि टार्गेट यांचा हिशेब त्यानंतरच नीट मांडता येईल.