बस ताब्यात घेता येते, नंबरप्लेट नाही

बेंगळुरू म्हटलं की आपल्याला आधी आठवतात शहाजीराजे. इथली त्यांची जहागीर, लहानपणीचे शिवाजीराजे, पुढे व्यंकोजी. पण आज आपण सतराव्या शतकात जाणार नाही. आज जायचंय १९७६ मध्ये. विषय तुमच्या-माझ्या रोजच्या वापरातला आहे: बस. एसटीची बस आणि खासगी बस. ही बस कोणी चालवायची, तिच्यावर कर किती लावायचा, हे विधानसभा ठरवते. कर्नाटकाच्या विधानसभेनं एकदा काय ठरवलं, सत्तावीस वर्षांनी ते कसं फिरवलं, आणि त्याचा मुंबईतल्या चाळींशी काय संबंध आला, ही आजची गोष्ट.

सुरुवात चामराजपेटेतून करू. म्हैसूरचे राजे दहावे चामराजेंद्र वडियार यांच्या नावानं १८९२ मध्ये वसवलेली ही पेठ. जुन्या किल्ल्याला लागून, आखून-मोजून काढलेले रस्ते. कन्नड साहित्य परिषद इथेच आहे. इथल्या एका मोठ्या रस्त्याला आलूर वेंकटराव यांचं नाव आहे. कर्नाटक एकीकरणाचे हे पुरोहित शिकले मात्र पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये, आणि टिळकांचं गीतारहस्य कन्नडमध्ये नेलं तेही त्यांनीच. या रस्त्यानं किल्ल्याच्या दिशेनं चालत गेलात की टिपूचा राजवाडा लागतो, कृष्णराजेंद्र मार्केट लागतं आणि पलीकडे कलासिपाळ्य. कलासिपाळ्य म्हणजे खासगी बसचा आणि मालवाहतुकीच्या कार्यालयांचा गजबजलेला भाग. आपली गोष्ट ज्या व्यवसायाची आहे, तो तिथे डोळ्यांनी दिसतो.

आता एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट समजून घ्या, कारण सगळा वाद तिच्यावर उभा आहे. कायद्याच्या दृष्टीनं प्रवासी बस दोन प्रकारची. एक टप्पा वाहतूक: ठरलेला मार्ग, ठरलेलं वेळापत्रक, प्रत्येक प्रवाशाला वेगळं तिकीट, वाटेत चढा-उतरायची मुभा. आपली एसटी ही टप्पा वाहतूक. दुसरी कंत्राटी वाहतूक: लग्नाचं वऱ्हाड, सहल, यात्रा. संपूर्ण गाडी एका कराराखाली भाड्यानं घ्यायची आणि वाटेत सुटे प्रवासी घ्यायचे नाहीत. परवाना वेगळा, नियम वेगळे, कर वेगळा.

मग तुम्ही विचाराल, आपण मोबाइलवरून एकेक सीट बुक करून ज्या स्लीपरनं पुण्याहून बेंगळुरूला जातो, ती कुठल्या प्रकारात बसते? परवाना बहुतेक वेळा कंत्राटी वाहतुकीचा असतो आणि काम होतं टप्पा वाहतुकीचं. हे आजचं नाही. १९७६ मध्ये कर्नाटक सरकारची तक्रार नेमकी हीच होती.

थोडं मागे जाऊ. मोटार आली तेव्हा तिच्यावर पहिली तलवार रेल्वेनं उपसली. १९३० च्या दशकात लॉऱ्या आणि बसगाड्या रेल्वेचं उत्पन्न खाऊ लागल्या, म्हणून १९३९ चा मोटार वाहन कायदा आला आणि परवान्यांची व्यवस्था कडक झाली. स्वातंत्र्यानंतर राज्यं स्वतःच बस चालवू लागली. १ जून १९४८ ला पुणे–अहमदनगर मार्गावर आपली पहिली एसटी धावली. त्याच वर्षी १२ सप्टेंबरला म्हैसूर सरकारनं १२० बसगाड्यांवर आपली सेवा सुरू केली. बेळगाव, धारवाड, विजापूर तेव्हा मुंबई राज्यात होते, म्हणून तिथे धावत होती ती मुंबई राज्याचीच बस. १९५६ मध्ये केंद्रानं १९३९ च्या कायद्यात दुरुस्ती केली आणि राज्यांना एखादा मार्ग आपल्या महामंडळासाठी राखून ठेवण्याची सोय मिळाली. मार्गामागून मार्ग राष्ट्रीयीकृत होत गेले.

यामागचं गणित साधं होतं. बेंगळुरू–म्हैसूर गाडी भरून जाते. खानापूर तालुक्यातल्या जंगलातल्या गावाची बस अर्धी रिकामी असते, तरी ती गेली पाहिजे, कारण तिच्यात शाळेची मुलं असतात, दवाखान्याला निघालेली म्हातारी असते. भरलेल्या गाडीचा नफा रिकाम्या गाडीचा तोटा भरून काढतो. खासगी मालक भरलेला मार्ग तेवढा उचलणार, रिकामा सोडून देणार. म्हणून दोन्ही मार्ग एकाच हाती असावेत, असा हा विचार.

पण राष्ट्रीयीकरण झालं ते टप्पा वाहतुकीचं. कंत्राटी वाहतुकीची खिडकी उघडीच राहिली. खासगी मालकांनी त्या परवान्यावर गाड्या काढल्या आणि भरलेल्या मार्गांवर सुटे प्रवासी घ्यायला सुरुवात केली. देवराज अर्स मुख्यमंत्री होते, देशात आणीबाणी होती. ३० जानेवारी १९७६ ला कर्नाटकात वटहुकूम निघाला, आणि पुढे विधिमंडळानं कायदा केला: कंत्राटी वाहने संपादन कायदा. सरकारनं केवळ परवाने रद्द केले नाहीत. गाड्याच ताब्यात घेतल्या, त्यांच्यासोबत कार्यशाळा आणि इतर मालमत्ताही, आणि सगळं राज्य परिवहन महामंडळाकडे दिलं. यापुढे कंत्राटी परवाना मिळणार तो महामंडळालाच.

बसमालक न्यायालयात गेले. उच्च न्यायालयात ते जिंकले, कायदा घटनाबाह्य ठरला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. ११ ऑक्टोबर १९७७ ला सात न्यायमूर्तींनी एकमतानं कायदा वैध ठरवला. निकाल एक, पण निकालपत्रं दोन. चार न्यायमूर्तींचं निकालपत्र न्या. उंटवालिया यांनी लिहिलं. त्या चौघांत होते पुण्याचे न्या. यशवंतराव चंद्रचूड. तिघांच्या वतीनं न्या. कृष्ण अय्यर यांनी लिहिलं. घटनेच्या कलम ३९(ब) मध्ये 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती' असे शब्द आहेत. ती सर्वांच्या हितासाठी वाटली जावी, असं ते कलम सांगतं. अय्यर म्हणाले, या संपत्तीत खासगी मालमत्ताही येते. मग बस का नाही? उरलेल्या चौघांनी स्पष्ट नोंदवलं की ३९(ब) बद्दलच्या या मताशी आम्ही स्वतःला बांधून घेत नाही.

हे वाक्य लक्षात ठेवा. कारण १९८२ मध्ये कोळशाशी संबंधित एका खटल्यात पाच न्यायमूर्तींनी अय्यर यांचं हे अल्पमतातलं म्हणणं उचलून धरलं, आणि बसच्या वादात जन्मलेला विचार पुढे अनेक खटल्यांत कायदा म्हणून वापरला गेला.

आता मुंबईत या. १९८६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळानं म्हाडा कायद्यात नवं प्रकरण घातलं. उपकरप्राप्त जुन्या इमारतीतल्या ७० टक्के रहिवाशांनी मागणी केली, तर ती इमारत संपादित करून त्यांच्या सहकारी संस्थेला देता येईल, अशी तरतूद. आधार कशाचा? कलम ३९(ब) चाच. मालकांची संघटना न्यायालयात गेली आणि प्रश्न मोठमोठ्या पीठांकडे सरकत राहिला. शेवटी ५ नोव्हेंबर २०२४ ला नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं सांगितलं: प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची साधनसंपत्ती नव्हे. काही असू शकते. ती कोणत्या प्रकारची आहे, किती दुर्मीळ आहे, समाजावर तिचा परिणाम काय, हे पाहावं लागेल. बहुमताचं निकालपत्र लिहिलं सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी. म्हणजे १९७७ मध्ये वडिलांनी ज्या मताला सही दिली नाही, ते मत सत्तेचाळीस वर्षांनी मुलाच्या निकालपत्रानं बाजूला पडलं. बेंगळुरूच्या न्या. नागरत्ना यांनी मात्र अय्यर यांच्यावरची टीका अनावश्यक असल्याचं वेगळं लिहिलं, आणि न्या. धुलिया यांनी विरोधी मत दिलं.

पण आपण बस सोडून फार लांब आलो. परत कर्नाटकात जाऊ.

१९८८ चा नवा मोटार वाहन कायदा आला आणि परवाने देण्यात ढिलाई आली. कर्नाटकातले मालक म्हणाले, केंद्राचा कायदा आम्हाला परवाना देतो, मग राज्याचा जुना कायदा आड कसा येतो? १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयात तीन न्यायमूर्तींपुढे हे आलं. न्या. पी. बी. सावंत यांनी उत्तर दिलं: केंद्राचा कायदा वाहनांच्या नियमनाचा, राज्याचा कायदा मालमत्ता संपादनाचा. विषयच वेगळे, तर टक्कर कसली? दोन विरुद्ध एक अशा बहुमतानं राज्याची मक्तेदारी टिकली.

न्यायालयात टिकलेली ही मक्तेदारी पुढे विधिमंडळानंच मोडली. २००३ मध्ये, एस. एम. कृष्णा मुख्यमंत्री असताना, १९७६ चा कायदा रद्द झाला. कसा रद्द झाला पाहा. त्यासाठी वेगळं विधेयक आलं नाही. ज्या कायद्यानं तो रद्द झाला त्याचं नाव आहे 'कर्नाटक मोटार वाहन कर आणि काही इतर कायदा (दुरुस्ती) अधिनियम'. 'काही इतर कायदा' या तीन शब्दांत सत्तावीस वर्षांची मक्तेदारी मावली. कराच्या विधेयकात परवान्याचं धोरण आलं, आणि त्यात एक सरळ हिशेबही आहे: गाडी महामंडळाची असेल तर तिचा तोटा सरकारच्या गळ्यात, खासगी असेल तर दर तिमाहीला सीटमागे कर सरकारच्या तिजोरीत. शिवाय महामंडळाला वाढती मागणी पुरी करता येत नाही, हेही खरं होतं. गणपतीला, दिवाळीला आपल्यापैकी कितीजणांना एसटीचं आरक्षण मिळतं?

या रद्द करण्यालाही आव्हान मिळालं. आव्हान देणाऱ्यांत महामंडळाचे कामगार होते. उच्च न्यायालयात ते जिंकले. २०२५ च्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. ज्या विधिमंडळाला कायदा करायचा अधिकार आहे, त्याला तो मागे घ्यायचाही अधिकार आहे, आणि वाहतूक खासगी ठेवायची की सरकारी, हा धोरणाचा प्रश्न आहे. दोन न्यायमूर्तींच्या त्या पीठात होते न्या. प्रसन्न वराळे. जन्म निपाणीचा, वकिली महाराष्ट्रात, आणि काही काळ कर्नाटक उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती.

इथे गोष्ट संपली असं वाटेल. पण पुणे–बेंगळुरू महामार्गावर एखाद्या रात्री धाब्यावर गाडी थांबली की खाली उतरा आणि उभ्या स्लीपर गाड्यांच्या नंबरप्लेट वाचा. एमएच आणि केए तर असतातच. पण एनएल? एआर? नागालँड आणि अरुणाचल! ज्या गाडीनं कोहिमा कधी पाहिलं नसेल, ती नागालँडची कशी? कारण वाहनावरचा कर हा राज्याचा विषय आहे. ज्या राज्यात कर कमी, तिथे नोंदणी करायची आणि अखिल भारतीय पर्यटक परवान्यावर धंदा करायचा कुठेही. १ एप्रिल २०२१ पासून हा परवाना केंद्राच्या व्यवस्थेतून, एकदाच शुल्क भरून मिळू लागला, आणि ही वाट आणखी रुंद झाली. दूरच्या एका छोट्या राज्यानं कर कमी ठेवला की बेंगळुरूच्या आणि मुंबईच्या विधिमंडळांनी कर वाढवण्यावर कितीही चर्चा करावी. गाडी इथेच धावते, नोंदणी तिकडे जाते. १९७६ मध्ये सरकार बस ताब्यात घेऊ शकलं. नंबरप्लेट ताब्यात घेणं त्याला अजून जमलेलं नाही.

आणि सवलतीची बाजूही पाहा. ११ जून २०२३ ला कर्नाटकात 'शक्ती' योजना सुरू झाली, सरकारी बसमध्ये महिलांना मोफत प्रवास. तीनच महिन्यांनी, ११ सप्टेंबरला, बेंगळुरूतल्या खासगी वाहतूकदारांनी बंद पाळला. ही योजना आमच्या बसनाही लागू करा, ही त्यांची एक मागणी होती. ज्यांच्या बस एकेकाळी सरकारनं उचलून नेल्या, तोच व्यवसाय आता सरकारी सवलतीत वाटा मागत होता. आपल्याकडे २०१८ मध्ये खासगी बसचं भाडं एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त नको, असा शासननिर्णय झाला. आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये एसटीचा संप चिघळला, तेव्हा राज्य सरकारनं खासगी गाड्यांना प्रवासी नेण्याची परवानगी दिली. कधी लगाम, कधी हाक. दोन्ही राज्यांचं वागणं सारखंच आहे.

मला यात कोणाला खलनायक ठरवायचं नाही. खासगी बसनं आपल्याला वेळेवर घरी पोचवलंय, हे मान्य करायला हवं. पण जंगलातल्या गावाची ती अर्धी रिकामी बस विसरून चालणार नाही. भरलेल्या मार्गाचा नफा महामंडळाकडे येणार नसेल, तर तिचा तोटा भरायचा कोणी? खासगी बसवरच्या करातून, असं २००३ चं उत्तर होतं. पण तो कर दुसऱ्याच राज्यात भरला जात असेल, तर त्या उत्तरातला अर्धा भाग गळून पडतो. मग उरतो राज्याचा अर्थसंकल्प, म्हणजे तुम्ही आणि मी.

न्यायालयानं शेवटी हा प्रश्न विधिमंडळाच्या दारात आणून ठेवला, आणि ते बरोबरच आहे. म्हणून पुढच्या वेळी अधिवेशनात मोटार वाहन कराचं विधेयक आलं आणि वर्तमानपत्रानं आतल्या पानावर दोन ओळींत छापलं, तर त्या दोन ओळी वाचा. 'काही इतर कायदा' असं कुठे दिसलं, तर थांबून विचारा: कोणता कायदा, आणि त्या गावाची बस त्यात कुठे आहे?