सरूची गिटार : एका निवडीचा इतिहास

नोकरीनिमित्त माद्रिदमध्ये राहणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याने मध्यंतरी पत्रातून एक प्रश्न विचारला. तेथे तो काही वर्षे फ्लामेंको गिटार शिकत आहे आणि आता एखाद्या कारागिराने हाताने घडवलेली गिटार त्याला विकत घ्यायची आहे. दोन वाद्ये त्याच्या मनात भरली आहेत. एक सरूच्या लाकडाचे, फिकट पिवळे. दुसरे शिसवीचे, काळसर. दोहोंची किंमत जवळपास सारखी. ‘यांतली अस्सल फ्लामेंको कोणती, सर?’ असा त्याचा सवाल. मराठी साहित्य शिकवणाऱ्यांना हा प्रश्न का विचारावा, असे वाचकांस वाटेल. परंतु ‘अस्सल’ या शब्दाविषयी वर्गात आम्हीच त्याला पुष्कळ काही ऐकवले होते. तेव्हा उत्तर देणे भाग होते. ते शोधताना जे हाती लागले, ते येथे मांडतो.

प्रथम दोन्ही वाद्यांविषयी थोडे. फ्लामेंको गिटारची पाठ आणि बाजू परंपरेने सरूच्या, तर वरची पाटी स्प्रूसची असते. अभिजात संगीताच्या गिटारपेक्षा ती वजनाला हलकी असते आणि तिच्या तारा पाटीला व पट्टीला अधिक जवळ असतात. वादक बोटे पंख्यासारखी उलगडत तारांवर झोडतो, त्याला ‘रास्गेआदो’ म्हणतात. नखाने पाटीवर ठोका देतो, तो ‘गोल्पे’. या ठोक्यांनी लाकूड खराब होऊ नये म्हणून पाटीवर पातळ संरक्षक पत्रा चिकटवलेला असतो. स्वर चटकन उमटतो, धारदार असतो आणि लवकर विरतो. गायकाचा गळा, नर्तकीच्या टाचा आणि टाळ्या यांच्या कल्लोळातून वाट काढायची आणि लगेच पुढच्या ठोक्याला जागा करून द्यायची, हे त्या स्वराचे काम. तारा खाली असल्याने जोरात वाजवताना किंचित झणझण होते. अभिजात गिटारवादक तिला दोष मानील. फ्लामेंको वादकाला ती हवीशी वाटते. तंबोऱ्याची जवारी ज्यांच्या कानांत आहे, त्यांना एका परंपरेतला दोष दुसऱ्या परंपरेत गुण कसा ठरतो हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

येथवर उत्तर सोपे दिसते. असा स्वर सरूतून निघतो, म्हणून फ्लामेंकोने सरू निवडला. सबब अस्सल गिटार सरूचीच. परंतु इतिहास या ‘म्हणून’ला दुजोरा देत नाही.

आजच्या गिटारचा आकार ज्याच्या नावाशी निगडित आहे तो आंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) हा आल्मेरियाजवळच्या गावातला सुतार. त्याची कीर्ती सेव्हिल शहरात झाली. त्याने १८६२ साली एक विलक्षण गिटार घडवली. तिची पाटी लाकडाची, पण पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या. ती आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. स्वराचा जीव पाटीत असतो, पाठीत नव्हे, हे त्याला दाखवायचे होते. याच तोरेसने शिसवीच्या गिटारी केल्या आणि सरूच्याही केल्या. मात्र सरूची ती फ्लामेंको आणि शिसवीची ती अभिजात, अशी विभागणी त्याच्या काळी झालेली नव्हती. त्याचे चरित्रकार आणि स्वतः गिटार घडवणारे होसे रोमानियोस यांनी हा मुद्दा आग्रहाने मांडला आहे. सरू आंदालुसियातच वाढणारे झाड, त्यामुळे स्वस्त. शिसव समुद्रापलीकडून येणार, त्यामुळे महाग. ऐपतवान गिऱ्हाइकाला शिसव आणि बेताच्या कमाईच्या गिऱ्हाइकाला सरू, हा मूळ भेद होता. तो स्वरांतला नव्हता, खिशांतला होता. खुद्द तोरेसलाही ही कला पोसू शकली नाही. १८७० च्या सुमारास तो आल्मेरियाला परतला आणि त्याने चिनी मातीच्या भांड्यांचे दुकान थाटले. पुढे तो पुन्हा गिटारीकडे वळला, तोही आधी फावल्या वेळात.

मग गिऱ्हाइकाच्या खिशातला भेद कानातला भेद कसा झाला? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सेव्हिल, कादिस, माद्रिद येथे ‘काफे कांतान्ते’ म्हणजे गाण्याचे कॅफे निघाले. सिल्व्हेरियो फ्रांकोनेत्ती या गायकाने सेव्हिलमध्ये आपला कॅफे १८८१ साली उघडला. त्याच वर्षी कवी आंतोनियो माचादोचे वडील देमोफिलो यांचा फ्लामेंको पदांचा संग्रह प्रसिद्ध झाला. गाणे तिकिटावर आले आणि छापील पुस्तकातही आले, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कॅफेत गर्दी, गोंगाट आणि पायांचा दणदणाट. तेथील वादकाला मोठा, धारदार आवाज हवा होता आणि त्याची कमाई सरूपुरतीच होती. माद्रिदच्या होसे रामिरेस या कारागिराने अशा वादकांसाठी मोठ्या अंगाची, फुगीर पाटीची गिटार तयार केली. त्याचा धाकटा भाऊ व शिष्य मान्युएल याने पुढे वेगळे दुकान काढले, त्यावरून दोघांत कायमचे वितुष्ट आले, आणि मान्युएल तोरेसच्या साच्याकडे वळला. फ्लामेंको गिटारचे आज रूढ असलेले रूप प्रामुख्याने मान्युएलच्या कारखान्यातून पुढे आले. स्वस्त लाकडातून जे निघाले ते वादकांच्या हातांनी घोटले, श्रोत्यांच्या कानांनी मानले, आणि एका पिढीने नाइलाजाने घेतलेली वस्तू पुढच्या पिढीची अभिरुची झाली.

या कारखान्याची आणखी एक गोष्ट आमच्या विषयाशी थेट भिडणारी आहे. १९१२ साली तरुण आंद्रेस सेगोव्हिया मैफलीसाठी गिटार भाड्याने मागायला मान्युएलकडे गेला. त्याचे वादन ऐकून मान्युएलने ती त्याला देऊनच टाकली, असे सेगोव्हियाने आत्मचरित्रात सांगितले आहे. ती गिटार आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. आतल्या चिठ्ठीवर नाव मान्युएल रामिरेसचे. परंतु ती प्रत्यक्ष घडवली सांतोस एर्नांदेस या त्याच्या कारागिराने, असे सामान्यतः मानले जाते. १९१६ मध्ये मान्युएल वारल्यावर सांतोस, दोमिंगो एस्तेसो आणि इतर कारागीर काही काळ ‘मान्युएल रामिरेसची विधवा’ या चिठ्ठीखाली काम करत राहिले. पुढे सांतोस आणि एस्तेसो यांनी स्वतःची दुकाने काढली आणि त्यांची नावे फ्लामेंको वादकांच्या तोंडी बसली. तेव्हा चिठ्ठीवरचे नाव पाहून वाद्य घेणारा नेमके काय विकत घेतो? लाकूड, हात, की नाव? कर्तृत्वाचा हा प्रश्न संतकाव्यातील नाममुद्रेच्या अभ्यासकांना अपरिचित नाही.

१९२२ च्या जून महिन्यात ग्रानादाच्या आल्हाम्ब्रा किल्ल्यात संगीतकार मान्युएल दे फाया, तरुण लोर्का आणि त्यांचे मित्र यांनी ‘कान्ते होन्दो’ची, म्हणजे गहन गाण्याची स्पर्धा भरवली. कॅफेंनी गाणे बाजारू केले, त्याचे मूळ शुद्ध रूप वाचवले पाहिजे, ही भूमिका. म्हणून धंदेवाईक गायकांना स्पर्धेबाहेर ठेवण्यात आले. त्या मंडळींच्या तळमळीविषयी आम्हाला शंका नाही. पण ज्या गिटारीच्या साथीने ते शुद्ध गाणे गायले जायचे, ती त्याच कॅफेंच्या बाजारात घडलेली होती, याचा विसर पडला होता. शुद्धतेचा शोध घेणाऱ्यांची ही अडचण नेहमीचीच.

पुढचे वळण तर याहून गमतीचे आहे. रामोन मोन्तोया, साबिकास आणि नंतर पाको दे लुसिया (१९४७–२०१४) यांनी फ्लामेंको गिटार साथीतून काढून एकट्याने मंचावर बसवली. मोठ्या सभागृहात एकट्या वाजणाऱ्या वाद्याला रेंगाळणारा, भारदस्त स्वर हवा असतो. तेव्हा शिसवीची फ्लामेंको गिटार पुढे आली. तिला ‘नेग्रा’ म्हणजे काळी आणि सरूच्या गिटारीला ‘ब्लांका’ म्हणजे पांढरी म्हणतात. दरम्यान ब्राझीलचा शिसव दुर्मीळ झाला. १९९२ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंदी आली. त्याची जागा भारतीय शिसवीने घेतली. आपल्या सह्याद्रीतही वाढणारे तेच हे झाड. २०१७ साली त्याच्याही व्यापारावर निर्बंध आले. तयार वाद्यांना २०१९ च्या अखेरीस सूट मिळाली. तारांचेही तेच. आज ज्या नायलॉनच्या तारांशिवाय या वाद्याचा विचारही होत नाही, त्या १९४० च्या दशकातल्या. त्यापूर्वी तात होती. ‘जुना अस्सल आवाज’ म्हणून आज जो कानावर पडतो, त्यात जुने किती हे ज्याने त्याने ठरवावे.

भारतीय वाचकाला येथे एक मोह होतो. स्पेनच्या जिप्सींचे पूर्वज वायव्य भारतातून गेले आणि पंधराव्या शतकात तेथे पोहोचले, हे भाषाशास्त्रानेही दाखवले आहे. म्हणून फ्लामेंको मूळचे आपलेच, असे म्हणण्याचा तो मोह. आम्ही तो टाळतो. मधल्या शतकांत त्या लोकांनी भोगलेले आणि घडवलेले सारे पुसून केवळ उगमावर हक्क सांगणे म्हणजे पुन्हा ‘अस्सल’चाच खेळ.

मग विद्यार्थ्याला आम्ही काय लिहिले? दोन्ही अस्सल आहेत, कारण दोन्हींच्या मागे खऱ्या माणसांच्या खऱ्या गरजा आहेत. तुला गायकाची साथ करायची आहे की एकट्याने वाजवायचे आहे, हे आधी ठरव. मग दुकानात चिठ्ठीवरचे नाव न वाचता दोन्ही वाजव. प्रत्येक तारेचा प्रत्येक पडदा दाबून बघ. एखादा स्वर मुका तर नाही? मान सरळ आहे का, हात अवघडतो का, ते पाहा. हलके वाजवतानाही झणझण होत असेल तर ती शैली नव्हे, दोष आहे. आपल्या गुरूला वाजवायला सांग आणि तू समोर बसून ऐक, कारण वाजवणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला एकच गिटार वेगळी ऐकू येते. पाटीला अधिक महत्त्व दे, पाठीला कमी. तोरेसची कागदी गिटार आठव.

त्याचे उत्तर गेल्या आठवड्यात आले. तो एका गायिकेच्या वर्गात साथीला बसू लागला आहे, म्हणून त्याने सरूची घेतली. आमच्या लेखी हे कारण पुरेसे आहे. ‘अस्सल’ हा शब्द मात्र त्याच्या पत्रात या खेपेस कोठेही नव्हता.