छपरावरची माती

आमच्या मुलुखात छपरावर माती घालण्याची चाल फार जुनी आहे; परंतु त्या मातीत काही उगवावे, अशी इच्छा मात्र कोणी धरीत नसे. मराठवाड्यात, खानदेशात आणि देशावरील कोरड्या तालुक्यांत जी माळवदाची घरे अद्याप उभी आहेत, त्यांच्या तुळयांवर आडव्या लाकडांची दाट रांग, तीवर पाल्यापाचोळ्याचा थर आणि त्यावर हातभर जाडीची चोपून बसविलेली पांढरी माती, अशी रचना आढळते. ही माती शेतातील काळी नव्हे, तर गावठाणातील पांढरी असे. कारण काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते, तर पांढरी दाबून बसविली असता पावसाला सहसा वाट देत नाही. वैशाखातल्या उन्हात घर थंड राहावे आणि माघातल्या रात्री ऊब टिकावी, एवढेच त्या मातीचे प्रयोजन होते. मृग लागण्यापूर्वी माळवदावर चढून गतवर्षीचे गवत मुळासकट उपटणे, नवी माती पसरून चोपणे आणि पन्हळी मोकळ्या करणे हे कुटुंबातल्या कर्त्या पुरुषाचे वार्षिक कर्तव्य असे. ज्याने ते चुकविले, त्याला श्रावणात घरभर भांडी मांडून बसावे लागे. छपरावर तृणांकुर दिसणे हे त्या काळी शोभेचे नव्हे, तर गृहस्थाच्या आळसाचे लक्षण मानले जाई.

ही जुनी धास्ती निराधार नव्हती, हे जगप्रसिद्ध दृष्टान्तावरूनही दिसते. बॅबिलोनच्या झुलत्या बागेचे वर्णन करताना इ. स. पूर्व पहिल्या शतकातील ग्रीक इतिहासकार डायोडोरस पुष्पवाटिकांपेक्षा त्यांच्या खालच्या थरांचीच हकीकत अधिक बारकाईने सांगतो: दगडी तुळया, त्यांवर डांबरात बसविलेले बोरू, त्यावर पक्क्या विटांचे दोन थर, त्यावर शिशाचे पत्रे आणि सर्वांत शेवटी मोठ्या वृक्षांची मुळे सामावतील इतकी माती. बॅबिलोनच्या उपलब्ध कीललेखांत या बागेचा निःसंदिग्ध उल्लेख सापडत नाही, आणि काही संशोधक तिचे स्थान निनेव्हे येथे मानतात. तथापि बाग प्रत्यक्षात असो वा नसो, ती कशी टिकेल याचा विचार ज्याने केला त्याला पाणी, भार आणि मूळ हे तिन्ही शत्रू पक्के ठाऊक होते, यात शंका नाही.

आपल्याकडे छपरावर बाग करण्याचा सार्वजनिक प्रयोग घडला तो मुंबईत, आणि तोही बागेच्या हौसेपोटी नव्हे. 1860 साली विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आले, 1879 साली तुळशी तलाव पुरा झाला आणि पुढे 1892 मध्ये तानसाची भर पडली. दुरून आणलेले हे पाणी उंच जागी साठवून उताराने घरोघर पोचविण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात माझगावच्या भंडारवाडा टेकडीवर आणि मलबार हिलवर जलाशय बांधण्यात आले. उघड्या पाण्यात धूळ, पालापाचोळा आणि पक्ष्यांची घाण पडू नये म्हणून हे जलाशय झाकणे प्राप्त होते. मलबार हिलच्या बाबतीत जवळच असलेल्या पारशी समाजाच्या अंत्यविधीच्या दोखम्यांवर उतरणाऱ्या गिधाडांचेही कारण सांगतात. झाकणावर माती पसरली, मातीवर हिरवळ आली, आणि पाण्याच्या बंदोबस्तासाठी घातलेल्या आच्छादनाचे नागरिकांच्या विहारस्थानात रूपांतर झाले. पुढे मलबार हिलच्या बागेला सर फिरोजशहा मेहता यांचे आणि माझगावच्या बागेला टिळकांचे सहकारी काका बॅप्टिस्टा यांचे नाव मिळाले. पण हँगिंग गार्डन म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या मलबार हिलच्या या बागेत मुलांना घेऊन येणाऱ्या किती जणांना आपण एका छतावर उभे आहोत याची जाणीव असते, हा प्रश्नच आहे. तिथल्या मेंदी-कुंपणाच्या झुडपांना कातरून दिलेले हत्ती, बैल आणि अन्य प्राण्यांचे आकार सर्वांना आठवतात. त्या उथळ मुळांच्या झुडपांची निवड जलाशयाच्या माथ्यावर किती सयुक्तिक ठरते, हे मात्र क्वचितच कोणाच्या लक्षात येते.

लोखंड आणि सिमेंटच्या इमारती आल्या, तशी गच्ची ही सामान्य नागरिकाच्याही वाट्याला आली, आणि वाळवणे, पापड व कपडे यांच्या शेजारी कुंड्या मांडल्या जाऊ लागल्या. इथे जुनेच प्रश्न नव्या हिशेबाने पुढे उभे राहिले. पाण्याने तुडुंब झालेल्या मातीचे वजन घनमीटरला सुमारे 1800 किलो धरले, तर वीतभर थर चौरस मीटरमागे 400 किलोंच्या घरात जातो. आणि माणसांच्या वावरासाठी बांधलेल्या गच्चीवर भारतीय मानकांप्रमाणे धरावयाचा चल भार असतो 150 किलोंचा. मातीखाली असतो तो विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि कठड्याच्या कडेचा गोलसर वाटा. त्यात पाखरांच्या विष्ठेतून पिंपळाचे वा उंबराचे एक बी रुजले, की काही वर्षांत वरच्या मजल्याच्या छताला ओल धरते, आणि गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेत बागवाल्याविरुद्ध तक्रारअर्ज दाखल होतो.

या अडचणीवर जे उत्तर निघाले, ते मातीचा हट्ट सोडण्यातून निघाले. कोल्हापूरचे गणितज्ञ श्री. अ. दाभोळकर यांनी आपल्या प्रयोग परिवाराच्या द्वारे असा विचार रुजविला, की रोपाला हवी ती शेतातली जड माती नसून कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा सजीव, भुसभुशीत आधार होय, आणि तो थोड्या जागेत, घरच्या उष्ट्याखरकट्यातूनही सिद्ध करता येतो. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर 2002 पासून भाजीच्या सालपटांचे खत करून फळझाडे व भाज्या वाढविण्यात आल्या, तेव्हा कचरा खाली वाहून नेण्याचा खर्च आणि माती वर चढविण्याचे कष्ट या दोहोंची एकाच वेळी बचत झाली. शिवाय हलक्या थराखालचे छत उन्हाने कमी तापते, पावसाचे पाणी सावकाश निघते आणि ताटात कोथिंबिरीची ताजी काडी येते. हे लाभ खरे आहेत, मात्र ते छताची देखभाल करणाऱ्यालाच लाभतात.

याची साक्ष मलबार हिलनेच पुन्हा दिली. 2023 साली महानगरपालिकेने जीर्ण जलाशय पाडून नवा बांधण्याची तजवीज केली, तेव्हा परिसरातील पावणेचारशेहून अधिक झाडे बाधित होणार हे उघड झाले आणि रहिवाशांनी विरोध केला. झाडे वाचवावीत की पाणीपुरवठा निर्धोक करावा, असा वाद रंगण्याची चिन्हे होती. परंतु तज्ज्ञांनी पाणी काढून जलाशयाच्या आत उतरून पाहणी केली, दुरुस्तीने काम भागेल असा निर्वाळा मिळाला, आणि 2024 मध्ये पुनर्बांधणीचा बेत सोडून देण्यात आला. वरची बाग राखली गेली ती खालचे बांधकाम तपासले गेल्यामुळे. आज ज्या कोणाला आपल्या गच्चीवर चार झाडे लावावीशी वाटतात, त्याने रोपवाटिकेत जाण्यापूर्वी एकदा स्थापत्यविशारदाला घरी बोलवावे, आणि मृगापूर्वी माळवदावर चढणाऱ्या आपल्या पणजोबांप्रमाणे दरवर्षी पन्हळी स्वतःच्या हाताने साफ कराव्यात. हे मान्य नसेल त्याने खिडकीतल्या तुळशीवर संतुष्ट राहावे, त्यात कमीपणा काहीच नाही.