सुहेली घरी निघते तेव्हा

सागरी शर्यतींच्या इतिहासात 'सुहेली' हे नाव १९६८-६९ या सालांशी कायमचे जोडले गेले आहे. एकट्या माणसाने, कुठेही न थांबता, शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली ती पहिल्यांदा या होडीतून. त्या ३१२ दिवसांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला ओढ वाटते ती त्याच्या आधीच्या तीन-चार वर्षांची, कारण ती वर्षे मुंबईची आहेत. सुहेली मुंबईत बांधली गेली, पहिल्या मोठ्या प्रवासासाठी तिची तयारी तिथेच झाली आणि तिथूनच ती 'घरी' निघाली. घरी म्हणजे लंडनला. मुंबईच्या पाण्यात जन्मलेल्या होडीचे घर लंडन कसे, असे कोणी विचारील. पण होडीचे घर मालकावरून ठरते, सुताराला कोणी विचारीत नाही.

मालक होता रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीत नोकरी करणारा विशी ओलांडलेला अधिकारी. त्याची बोट मुंबई आणि इराणचे आखात या मार्गावर ये-जा करी. या कंपनीचे नाव गोव्यातल्या जुन्या तारवटींच्या घरांत आजही निघते. तिच्या जहाजांवर स्वयंपाकघर आणि जेवणाचे दालन सांभाळणारे बहुतेक हात गोंयकारांचे असत. मुंबईत धोबीतलावच्या आसपास गावोगावच्या 'कुडी' होत्या. बोट लागली की माणूस आपल्या गावाच्या कुडीत ट्रंक टाकायचा आणि पुढची बोट मिळेपर्यंत तिथेच राहायचा. त्या काळची मुंबई म्हणजे घरी निघालेल्या आणि घरापासून निघालेल्या माणसांची एक मोठी धर्मशाळाच होती. हा इंग्रज तरुण त्यांतलाच एक. फरक इतकाच, की कंपनीच्या बोटीने घरी जाण्याऐवजी स्वतःची होडी बांधून घरी जायचे असे त्याने आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी ठरवले.

आराखडा इंग्लंडहून मागवला. जो आला तो त्यांना हवा होता तो नव्हता. एक मागवावे आणि दुसरेच यावे, हा अनुभव आम्हा कचेरीतल्या मंडळींना नवा नाही. अशा वेळी आलेल्या कागदावरच काम पुढे ढकलावे लागते. या तिघांनीही तेच केले. आलेला आराखडा 'एरिक' नावाच्या होडीचा होता. विल्यम अ‍ॅटकिन या अमेरिकन रचनाकाराने १९२०च्या दशकात तो केला होता आणि त्याचे मूळ नॉर्वेच्या कॉलिन आर्चरने बांधलेल्या बचावनौकांत होते. लांबी ३२ फूट, पोट रुंद, मागचे टोक पुढच्यासारखेच निमुळते आणि खाली लांबच लांब कणा. त्या काळच्या नव्या, हलक्या, वेगवान यॉटींपुढे हे ध्यान अगदीच जुनाट दिसे. पण कॉलिन आर्चरच्या होड्या वादळात बाहेर पडून बुडणाऱ्यांना परत आणण्यासाठी बांधलेल्या होत्या, हे विसरून चालणार नाही.

आता सुतार. काम कुलाब्याच्या वर्कशॉपमध्ये चालले. लाकूड आपले सागवान. हत्यारे म्हणजे वाकस, आणि भोके पाडायला दोरीच्या धनुकलीने फिरवायचा सामता. कोकणच्या किनाऱ्यावर गलबते बांधणाऱ्यांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या असलेली हीच हत्यारे. कागदावरची रेघ लाकडात उतरवायची ती या वाकसाच्या तासणीने. मुंबईला हे नवे नव्हते. 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका १८१७ साली मुंबईच्या गोदीत सागवानात बांधली गेली आणि ती इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही पाण्यावर उभी आहे. तिच्या बांधणीचे श्रेय जमशेटजी बोमनजी वाडिया यांना दिले जाते आणि ते योग्यच आहे. पण तिच्या फळ्या कोणी तासल्या? सुहेलीच्या बाबतीत तर वाडियांसारखे एखादे मोठे नावही पुढे येत नाही. मालकाने आपल्या पुस्तकात या कारागिरांचे कौतुक केले आहे. जगाच्या आठवणीत मात्र ते 'भारतीय सुतार' एवढेच उरले. मला ही गोष्ट बोचते. ज्याने सुकाणू धरले त्याला पुढे 'सर' ही पदवी मिळाली. ज्यांनी कणा बसवला त्यांचे गावसुद्धा कोणाला ठाऊक नाही.

१९६४च्या डिसेंबरात होडी पाण्यात उतरली. शॅम्पेनची बाटली नव्हे, नाळेवर नारळ वाढवला गेला. नाव ठेवले 'सुहेली'. आखातातले अरब खलाशी एका वाऱ्याला हे नाव देत. शब्दाच्या मुळाशी आहे 'सुहेल', म्हणजे आपला अगस्तीचा तारा. समुद्र पिऊन टाकणाऱ्या ऋषीचे नाव आपण ज्याला दिले, पावसाळा सरत आला की ज्याच्या उदयाने पाणी निवळते असे आपण मानतो, तोच तारा. मालकाच्या मनात अगस्ती असण्याचे काही कारण नाही. तरी नारळ आणि अगस्ती हे दोन्ही एका इंग्रजाच्या होडीवर एकत्र यावेत याची गंमत वाटते.

होडी पाण्यात उतरली म्हणजे निघायला तयार झाली असे नसते. लाकडी होडी पहिल्या दिवसांत हटकून गळते. फळ्या पाणी पिऊन फुगल्या, सांध्यांत ठोकलेला कापूस आवळला गेला, की मग ती घट्ट होते. त्यानंतर डोलकाठ्या उभारायच्या, त्यांचे ताण बसवायचे, शिडे बेतायची. डिझेल इंजिन बसवून त्याची थरथर होडीला सोसते का ते पाहायचे. होकायंत्राची पारख करायची, कारण इंजिनाचे आणि तळाचे लोखंड सुई ओढते आणि ती चूक किती हे प्रत्येक दिशेला तोंड करून मोजून ठेवावे लागते. नकाशे, सेक्स्टंट, अचूक वेळ. तीन माणसांचे पाणी रोज किती, हा हिशेब. एक वस्तू विसरली तर ती समुद्रात विकत मिळत नाही.

पण खरी अडचण यांतली नव्हती, पैशांची होती. काम लांबत गेले. होडी पुरती सज्ज व्हायला १९६५ साल उजाडून बरेच पुढे गेले. दोन्ही भागीदार एकेक करून बाहेर पडले आणि नॉक्स-जॉन्स्टनने कर्ज काढून त्यांचे हिस्से घेतले. तिघांचे स्वप्न एकाच्या गळ्यात आले. १९६५च्या डिसेंबरात त्याचा भाऊ आणि एक मित्र अशा तिघांनी मुंबई सोडली. महिना बरोबर निवडला होता. पावसाळ्यात कोकणकिनारा बंद असतो. नारळी पौर्णिमेनंतर दर्या शांत होत जातो आणि हिवाळ्यात ईशान्येचा वारा आफ्रिकेकडे वाहू लागतो. याच वाऱ्यावर शेकडो वर्षे आपली आणि अरबांची गलबते पलीकडे गेली. एकोणीसशे पासष्टातही त्याहून चांगला इलाज नव्हता.

मस्कतवरून आफ्रिकेच्या किनाऱ्याने उतरत ते दर्बानला पोचले आणि तिथे खिसे रिकामे झाले. मग मिळेल ते काम धरून पैसे जमवणे आले. घरी जायची तयारी मुंबईत झाली असे आपण म्हणतो, पण ती अर्धी दर्बानमध्ये झाली. आमच्याकडेही मुंबईला निघालेला मुलगा मध्येच कुठे नोकरीला चिकटून दोन वर्षांनी गावी उगवायचा, तसाच हा प्रकार. पुढे केपटाउनहून निघाल्यावर मात्र त्यांनी कमालच केली. वाटेत कुठेही न थांबता ७४ दिवसांत थेट लंडन गाठले. १९६७ साली सुहेली घरी पोचली.

घरी पोचलेल्या होडीचे स्वागत कसे झाले? तिला विकायला काढले. एकट्याने न थांबता जगप्रदक्षिणा करायची कल्पना तोवर मालकाच्या डोक्यात शिरली होती आणि त्यासाठी त्याला मोठी, पोलादी, नवी होडी हवी होती. नव्या होडीला पैसे देणारा भेटला नाही, जुनीला गिऱ्हाईक मिळाले नाही. शेवटी तीच घेऊन १४ जून १९६८ रोजी तो फाल्मथहून निघाला. शर्यतीत नऊ जण होते. २२ एप्रिल १९६९ रोजी फाल्मथला परतला तो हा एकटाच.

त्या प्रवासात काय काय मोडले याची यादी लांब आहे. केप व्हर्दे बेटांच्या आसपास कण्याजवळच्या सांध्यांतून पाणी शिरू लागले, तेव्हा त्याने स्वतः पाण्यात बुड्या मारून कापूस ठोकला आणि वर कॅनव्हासची व तांब्याची पट्टी मारली. टाक्यांतले पिण्याचे पाणी नासले. रेडिओ बंद पडला आणि चार महिन्यांहून अधिक काळ तो जिवंत आहे की नाही हे कोणाला कळले नाही. स्वयंचलित सुकाणूची यंत्रणा मोडली. इथे तो जुनाट आराखडा उपयोगी पडला. लांब कण्यामुळे शिडे नीट लावली की सुहेली आपली आपण सरळ चालत राही आणि माणसाला झोपता येई. चुकून आलेल्या कागदाने आणि वाकसाने तासलेल्या सागवानाने ही शर्यत जिंकली, असे माझे मत आहे. नाविक मंडळींनी हवे तर रागवावे.

पुढे काही वर्षे सुहेली ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात ठेवली होती. तिथल्या कोरड्या हवेत तिच्या फळ्या आक्रसू लागल्या. मालकाने ते पाहिले आणि तिला तिथून बाहेर काढून, दुरुस्त करून, परत पाण्यात घातले. लाकडी होडीला मान देऊन घरात बसवले की ती मरते.

आता आपल्या गोव्याकडे येतो, कारण ही गोष्ट पुढे आपल्याच दारात आली. व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांनी भारतीय माणसाने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी हा ध्यास घेतला होता. नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे त्यासाठी पुढे आले, तयारीच्या काळात नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे जाऊन शिकून आले आणि ज्या होडीतून गेले ती 'म्हादेई' दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली. ऑगस्ट २००९मध्ये मुंबईहून निघून ते मे २०१०मध्ये परतले. त्याच म्हादेईतून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ साली न थांबता फेरी पुरी केली. दिवाडीची फेरीबोट धरणारे किती जण तिकडे वळून पाहतात कोण जाणे.

मग २०१८ साली जुन्या शर्यतीला पन्नास वर्षे होणार म्हणून ती जुन्याच नियमांनी पुन्हा ठरली: उपग्रहावर वाट पाहायची नाही, सेक्स्टंट आणि कागदी नकाशे वापरायचे. टॉमी यांच्यासाठी सुहेलीची प्रतिकृती बांधायची ठरली आणि ती बांधली गेली पुन्हा गोव्यातच, दांडेकरांच्याच हातून. २०१७च्या ऑगस्टमध्ये ती पाण्यात उतरली. नाव 'थुरिया'. हेही अरबीच, अर्थ कृत्तिका. अगस्तीची लेक कृत्तिका, असे म्हणायला हरकत नाही.

थुरिया १ जुलै २०१८ रोजी फ्रान्सच्या किनाऱ्यावरून शर्यतीला निघाली. सप्टेंबरात दक्षिण हिंदी महासागरात वादळाने तिला उलटीपालटी केली, डोलकाठ्या मोडल्या, टॉमी यांच्या पाठीला जबर मार बसला. तीन दिवस ते होडीत पडून होते. 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले, ॲम्स्टरडॅम बेटावर उपचार झाले आणि नौदलाने त्यांना मायदेशी आणले. थुरियाला तिथेच समुद्रात सोडून यावे लागले. मुंबईची सुहेली ज्या घरी गेली ते तिचे कधीच नव्हते, आणि दिवाडीची थुरिया मात्र मांडवीला परत आलीच नाही.