काळी जमीन आणि घराचे जोते

जालना जिल्ह्यातल्या जुन्या वाड्यांचे कौतुक निघाले की बोलणे सागवानी खांबांवर, तुळयांच्या नक्षीवर आणि माळवदाच्या गारव्यावर येते. खांब ज्याच्यावर उभा आहे त्या जोत्याकडे सहसा कोणी पाहत नाही. माझे म्हणणे असे आहे की, इथल्या लाकडी बांधकामाची खरी विद्या सुताराच्या रंध्यात जेवढी आहे, त्याहून जास्त जोत्यात आहे. लाकूड बाहेरून आणता येते, पण जमीन आहे तीच घ्यावी लागते, आणि इथली जमीन पिकाला जितकी चांगली तितकीच घराला वाईट.

अजिंठ्याच्या डोंगररांगेकडून गोदावरीकडे उतरू लागले की काळी माती खोल होत जाते. भोकरदन-जाफराबादकडच्या माळावर थोडे खणले की मुरूम लागतो, तर अंबड, घनसावंगी, परतूर या तालुक्यांत गोदाकाठी पुरुषभर खणले तरी काळीच निघत राहते. काळ्या पाषाणाची झीज होऊन बनलेल्या या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. मे महिन्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीत लाकडाचा खांब नुसता रोवला, तर मृग बरसल्यावर तो वर उचलला जातो आणि उन्हाळ्यात खाली बसतो. त्यातही सगळे खांब सारखे हलत नाहीत. पागोळ्यांखालची माती आधी भिजते, घरातली कोरडीच राहते. म्हणून तुळईचे कुसू ढिले होते, दार चौकटीत अडकते, भिंतीला तिरकी भेग जाते. ओल आणि वाळवी लाकडाचा बुंधा खातात ते वेगळेच.

या अडचणीवरचा तोडगा एका दिवसात सापडलेला नाही. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 पासून पुढे अनेक वर्षे उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या घरांच्या जमिनी चोपून केलेल्या होत्या, पण खांब मातीत रोवलेले होते. लाकूड केव्हाच गेले, खड्डे तेवढे उरले. मराठवाड्यातल्या वाड्यांत मात्र खांब जमिनीत जातच नाही. तो दगडी तळखड्यावर बसतो, तळखडा जोत्यावर आणि जोते मुरमावर. रोवलेल्या खांबापासून बसवलेल्या खांबापर्यंतचा हा प्रवास मला कमानी-घुमटांच्या इतिहासाइतकाच मोलाचा वाटतो. गावाची जागाही याच हिशेबाने ठरली. शेती काळीत आणि वस्ती पांढरीत, ही गावगाड्याची जुनी वाटणी. भोकरदन, म्हणजे सांची-भारहूतच्या दानलेखांतले भोगवर्धन, तिथे 1973 साली देव आणि गुप्ते यांनी केळणाकाठी उत्खनन केले, तेव्हा वस्तीचे थरावर थर निघाले. पिढ्यान्पिढ्यांच्या पडलेल्या भिंती, राख आणि शेण यांतून तयार झालेली पांढरी काळीसारखी फुगत नाही. जुन्या वस्तीवर नवी वस्ती बसली, यात सोय होती तशी जाणही होती.

जोते भरायची रीत नीट पाहिली तर ती जाण हाताशी येते. आधी काळी उपसायची, मुरूम लागेपर्यंत किंवा जमेल तितकी. मग कडेने दगडी बांध घालून आत मुरूम टाकायचा, तोही एकदम नाही. वीतभर थर पसरायचा, पाणी मारायचे, ते मुरल्यावर धुम्मसाने ठोकायचे आणि मगच पुढचा थर. वरची भुई चोपण्याने चोपून शेणाने सारवायची. जोते अंगणापेक्षा उंच ठेवायचे, म्हणजे पावसाचे पाणी घराखाली न शिरता बाहेर पळते. पाणी आत गेले नाही तर खालची माती फुगणार कशाने? ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

कोणी म्हणेल, चिरेबंदी जोती देशमुख-सावकारांची, गरिबाला त्यांचे काय? आक्षेप दगडापुरता खरा आहे. पण मुरूम ओढ्याकाठी मिळत होता, पांढरी गावात होती आणि धुम्मस हातात होते. घडीव चिरा नसला तरी खांबाखाली सपाट धोंडा ठेवता येत होता. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात याच धाटणीच्या घरांखाली हजारो माणसे गेली. ते नाकारता येत नाही, पण दोष कशाचा होता हे पाहिले पाहिजे. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर्षानुवर्षे थर चढवून जड केलेले माळवद यांनी घात केला. लाकडी खणांचा सांगाडा पुरा होता अशा काही घरांत भिंती ढासळूनही छत खांबांवर तगले. एक उणीव मात्र मान्य केलीच पाहिजे. तळखड्यावरचा खांब केवळ वजनाने बसतो, तो बांधलेला नसतो. आज बांधायचे तर तिथे लोखंडी पट्टी आणि बोल्ट हवेतच.

तिसरा आक्षेप सळयांच्या गावातून येणारच. जालन्याच्या गिरण्यांची सळई राज्यभर जाते, मग मुरूम कशाला, काँक्रीट ओतले की झाले! पण काळीवर थेट ओतलेला पातळ कोबा फुगणाऱ्या मातीपुढे टिकत नाही, मधोमध फुटतो. मुंबईच्या आयआयटीतले प्राध्यापक कट्टी यांनी फुगणाऱ्या मातीवर दीर्घ संशोधन केले आणि काळीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा सुमारे मीटरभर थर दाबून घातला की फुगवटा आटोक्यात येतो, हे दाखवले. कर्नाटकातल्या मलप्रभा कालव्यावर ते वापरलेही गेले. योग्य प्रतीचा मुरूम हे काम करतो. गवंड्याने अनुभवाने जे केले त्याला प्रयोगशाळेने जाडीचे माप दिले.

म्हणून परसात लाकडी कामाची खोली किंवा आखाड्यावर शेड उभारणाऱ्यांना सांगणे एवढेच: पत्र्याचा आणि लाकडाचा भाव काढण्याआधी काळी किती खोल आहे ते खणून पाहा, ती उपसा, मुरूम थराथराने ठोका आणि खांबाचा बुंधा मातीला लागू देऊ नका. हे काम पावसाळ्याआधी उरकायला हवे, कारण भिजलेल्या काळीत खणताही येत नाही आणि ठोकताही येत नाही.